गोळी हरणाला, मरण गिधाडाला

तांबट
कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे एक गिधाड, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं उडणारं पाखरू. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साडेनऊ फूट. १९८२ साली जगात अवघे २२ उरले होते. एप्रिल १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षी पकडला, तेव्हा सगळे मिळून २७ झाले आणि ते सगळेच्या सगळे सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या पिंजऱ्यांत होते. तिथे अंडी उबवली, पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून कॉन्डॉरच्या डोक्यासारखा हातमोजा घालून भरवलं, आणि १९९२ पासून पक्षी पुन्हा रानात सोडायला सुरुवात केली. आज साडेपाचशेच्या वर कॉन्डॉर आहेत, त्यातले ३५० च्या वर मोकळे.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथे थांबते. मला त्यानंतरची सांगायची आहे, कारण मी राहतो तिथून कॅलिफोर्नियातलं पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यान गाडीने जाऊन-येऊन एका दिवसाचं आहे, आणि तिथल्या पक्ष्यांचं पुढे काय होतं ते ऐकून जीव तुटतो.

मोकळे कॉन्डॉर मरतात कशाने? ज्यांच्या मरणाचं कारण कळलं, त्यांतले जवळपास निम्मे शिशाच्या विषबाधेने मेले. हे शिसं कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही. ते शिकाऱ्याच्या गोळीतलं आहे, आणि तो शिकारीही परवाना काढून, हंगाम पाळून आलेला असतो.

होतं असं. शिकारी हरीण किंवा रानडुक्कर मारतो, जागेवरच पोट फाडतो, कोथळा तिथेच टाकतो आणि बाकीचं जनावर घेऊन जातो. कॉन्डॉर मेलेलंच खातो, त्यामुळे तो कोथळा म्हणजे त्याला आयतं ताट. पण रायफलची शिशाची गोळी अंगात शिरली की अखंड राहत नाही. ती फुटते आणि तिचे कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत मांसात उडतात. अशा हरणांचे क्ष-किरण फोटो काढले आहेत. त्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता सडा दिसतो, शेकडो ठिपके. कितीतरी कण इतके बारीक की बोटांनी चाचपून कळणार नाहीत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, ते सडकं मांस पचवतं आणि शिसंही विरघळवतं.

शिसं रक्तात गेलं की रक्त बनायची क्रिया अडते आणि मज्जातंतू निकामी होत जातात. अन्ननलिकेचे स्नायू लुळे पडतात. पक्षी खातो, ते गळ्याखालच्या पिशवीत साठतं, पण खाली सरकत नाही. पिशवी फुगून छातीवर लोंबायला लागते, मान खाली जाते, पंख सैल पडतात, विष्ठा हिरवी होते. पोटात अन्नाचा कण जात नाही. भरल्या गळ्याने उपाशी मरतो तो.

हा पक्षी दोन वर्षांत साधारण एकच अंडं घालतो आणि वयात यायला सहा ते आठ वर्षं घेतो. म्हणून एक मोठा पक्षी गेला की ती जागा भरायला किती वेळ लागतो याचा विचार करा.

यावर इलाज काय करतात, तर शक्यतो प्रत्येक पक्ष्याला वर्षातून एक-दोनदा पकडायचं. तिघंजण धरतात: एक डोकं सांभाळतो, एक अंग, एक पाय. पायाच्या शिरेतून रक्त काढतात आणि तिथल्या तिथे शिसं मोजतात. जास्त निघालं तर प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात नेऊन शिसं बांधून बाहेर काढणारी इंजेक्शनं देतात, आणि बरा झाला की सोडतात. कुठे? त्याच रानात, जिथे पुढच्या हंगामात पुन्हा कोथळे पडणार आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात दरवर्षी मोकळ्या पक्ष्यांपैकी सुमारे २० टक्क्यांच्या रक्तात उपचार करावेच लागतील इतकं शिसं सापडत होतं. त्यांचा निष्कर्षही स्वच्छ होता: शिसं थांबलं नाही, तर हा पक्षी कायम माणसाच्या हातावरच जगणार.

एसी-८ नावाची एक मादी होती. रानातली शेवटची मादी म्हणून १९८६ मध्ये तिला पकडलं. पिंजऱ्यात तिने पिल्लं दिली आणि २००० मध्ये तिला पुन्हा मोकळं केलं. पुढे शिसं बाधलं म्हणून परत पकडून उपचार केले, परत सोडलं. फेब्रुवारी २००३ मध्ये डुकराच्या शिकारीला आलेल्या एकाने तिला गोळी घालून मारलं. ती गोळी गुन्हा होती, त्यावर खटला झाला. तिच्या पोटात आधी शिसं गेलं ते मात्र कायद्यात बसणारं होतं. मला त्रास होतो तो या दुसऱ्या गोष्टीचा.

तांब्याच्या गोळ्या मिळतात, मारही चांगला करतात आणि फुटून विखरत नाहीत. उपाय समोर असताना आपण पक्ष्यांना पकडून इंजेक्शनं टोचत बसलोय. इथे शिकार करणारे, जनावरांचे डॉक्टर, इतर देशांतले लोक असतील तर जरूर लिहा.

सह्यवेडा
वाचून सुन्न झालो. एक शंका. हे शिसं गोळीचंच कशावरून? जुन्या रंगातलं, पेट्रोलमधलं शिसंही मातीत असतंच की.

तांबट
रास्त शंका आहे, आणि गोळ्या बनवणाऱ्यांच्या बाजूने हाच मुद्दा वर्षानुवर्षं मांडला गेला. शिशाचे वेगवेगळे समस्थानिक (वजनाने किंचित वेगळे अणू) असतात आणि खाणीप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं. रानात सोडण्याआधी कॉन्डॉरच्या रक्तात जे किंचित शिसं असतं, त्याचं प्रमाण तिथल्या परिसरातल्या शिशाशी जुळतं. विषबाधा झालेल्या पक्ष्यांचं मात्र बहुतेक वेळा दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांशी जुळतं.

पिसांचं तर आणखी सुंदर आहे. रक्ताच्या चाचणीत फक्त गेल्या काही आठवड्यांतलं शिसं दिसतं. पण पंखातलं मोठं पीस वाढायला काही महिने लागतात, आणि ते रोज जितकं वाढतं तितक्या भागात त्या दिवसांतल्या रक्ताची नोंद राहते. सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी एकाच पिसाचे टोकापासून बुडापर्यंत तुकडे करून शिसं मोजलं. कधी पातळी वर चढली, कधी उतरली, सगळं त्या एका पिसात वाचता येतं. आणि रक्ताच्या दोन चाचण्यांच्या मधे विष भिनून गेलं होतं, हेही त्यातूनच कळतं.

डॉ_गोठा
मी पशुवैद्य आहे, सातारा भागात. आमच्याकडे शिसं बाधलेलं जनावर येतं ते बहुतेक जुनी बॅटरी चाटल्यामुळे. गोठ्यामागे ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी टाकलेली असते, तिची खारट चव म्हशीला आवडते. मग ती दात खाते, भिंतीला डोकं लावून उभी राहते, डोळ्यांना दिसेनासं होतं. मालकाला वाटतं पिसाळलेलं कुत्रं चावलं.

तांबट यांनी लिहिलेलं इंजेक्शन म्हणजे कॅल्शियम ईडीटीए. म्हशीलाही तेच. ते रक्तातलं शिसं पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. पण तोवर बरंच शिसं हाडांत जाऊन बसलेलं असतं आणि ते तिथून हळूहळू पुन्हा रक्तात उतरतं. औषधही मूत्रपिंडाला जड. तेच पाखरू वर्षाआड उपचाराला आणायचं म्हणजे त्याला बरं केलं असं मी म्हणणार नाही. मज्जातंतूंचं झालेलं नुकसान भरून निघत नाही.

पाणपक्ष्यांबद्दल थोडं. बदकांना दात नसतात. दाणे भरडायला ती बारीक खडे गिळतात आणि ते पेट्यात साठवतात (कलेजी-पेटा घेता ना, त्यातला पेटा). पाणथळीच्या चिखलात पडलेला बंदुकीचा शिशाचा छर्रा आणि खडा यांत बदकाला फरक कळत नाही. छर्रा पेट्यात गेला की खड्यांबरोबर घासला जातो आणि रोज झिजून विरघळतो. थोडे छर्रे बदकाला पुरतात. त्याला कोणी गोळी मारायची गरजच नाही.

अनुराधा७४
बंदुकीच्या एका काडतुसात किती छर्रे असतात?

मिनेसोटाकर
बदकाच्या काडतुसात मापाप्रमाणे साधारण शंभर ते तीनशे. पक्ष्याला लागतात त्यातले मोजके, बाकी सगळे पाण्यात. दलदलीच्या एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या शिकार चालली तर खाली काय साचत असेल बघा.

मी इथे नोव्हेंबरात हरणाची शिकार करतो, म्हणून लिहितो. बदकांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंद आहेत. तेव्हाही असाच गदारोळ झाला होता: पोलादी छर्रे हलके, लांब जात नाहीत, जुन्या बंदुकीची नळी खराब करतात, पक्षी नुसते जखमी होतात. पहिल्या दोन गोष्टींत तथ्य आहे. पोलादाचा छर्रा एक-दोन माप मोठा घ्यावा लागतो आणि बार जवळून टाकावा लागतो. लोक शिकले. आज इथले तरुण शिकारी पोलादी छर्ऱ्यांवरच वाढलेत, त्यांना दुसरं माहीतही नाही.

हरणासाठी मी तांब्याची गोळी वापरतो. पुढचं टोक पाकळ्यांसारखं उलगडतं आणि गोळी जवळजवळ पूर्ण वजनानिशी अखंड राहते. बंदूक नव्याने निशाण्यावर बसवावी लागते, त्यात दहा-पंधरा गोळ्या जातात. खोकं शिशापेक्षा महाग, हे खरं. पण हरणाच्या एका हंगामात गोळ्या लागतात किती? दोन-तीन. परवाना, पेट्रोल, कपडे यांच्या खर्चात तो फरक दिसतही नाही. महागाईची तक्रार सरावाला शेकडो गोळ्या झाडणाऱ्यांना शोभते, आणि सराव शिशानेच करा, चांदमारीच्या मातीत कॉन्डॉर जेवायला येत नाही.

आमच्याकडे कॉन्डॉर नाहीत, पांढऱ्या डोक्याचे गरुड आहेत. बर्फ पडलं की तेही कोथळ्यावर उतरतात. सेंट पॉलच्या रॅप्टर सेंटरमध्ये (शिकारी पक्ष्यांचा दवाखाना) हंगामानंतर दरवर्षी शिसं बाधलेले गरुड येतात.

तांबट
गरुडांवरचा मोठा अभ्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. ३८ राज्यांतले १२१० गरुड तपासले, पांढऱ्या डोक्याचे आणि सोनेरी दोन्ही. जवळपास निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेलं शिसं विषबाधेच्या पातळीचं होतं. डीडीटी या कीटकनाशकावर १९७२ मध्ये बंदी आल्यावर जो गरुड सावरला, ज्याला २००७ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून काढलं, त्याच्या वाढीला आता हे शिसं मागे खेचतंय.

विवेक_ठाणे
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा अमेरिकेतल्या हौशी लोकांचा प्रश्न आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार बंद आहे. आपण यावर कशाला वेळ घालवायचा?

निशिगंधा_एम
विवेक, आपल्याकडे गिधाडं कशी गेली ते आठवा. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. कारण सापडलं २००४ मध्ये, गुरांसाठी बंदी आली २००६ मध्ये, तोवर काही जातींतली ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. तिथेही गिधाडाला मारायचा कोणाचा हेतू नव्हता. आणि तिथेही पर्यायी औषध हाताशी होतं, मेलॉक्सिकॅम.

शिवाय बंदीनंतर माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचत राहिले. त्या बाटल्यांवर बंदी यायला २०१५ उजाडलं. गिधाडांना तशीच बाधणारी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ मध्ये बंद झाली. कायदा झाला म्हणजे गोठ्यात पोचला असं नाही, हे आपण भोगलंय. रायगडात चिरगावसारख्या गावांनी गिधाडांची झाडं राखली, मेलेली गुरं त्यांच्यासाठी नेऊन टाकली, तेव्हा कुठे थोडी टिकली. कॅलिफोर्नियात आत्ता काय चाललंय ते आपल्याला परकं वाटायला नको.

डॉ_गोठा
निशिगंधा यांना दुजोरा. मेलॉक्सिकॅम आमच्याकडे खपायला लागलं ते स्वस्त झाल्यावर. कायदा आणि दुकानातली उपलब्धता बरोबरीने चालली पाहिजे.

तांबट
डॉक्टर, कॅलिफोर्नियात नेमकं तिथेच अडलंय. २००७ मध्ये कॉन्डॉरच्या प्रदेशापुरती शिशाच्या गोळ्यांवर बंदीचा कायदा झाला, २००८ पासून लागू. २०१३ मध्ये तो राज्यभर वाढवला आणि १ जुलै २०१९ पासून पूर्ण अमलात आला. तरी कॉन्डॉरच्या रक्तात शिसं सापडणं थांबलेलं नाही. एक कारण पॉइंट टू-टू मापाची रायफल. पशुपालक कुरणातल्या जमिनीवरच्या खारी आणि इतर उपद्रवी प्राणी या छोट्या रायफलने मारतात आणि तिथेच सोडून देतात. त्या मापात शिशाविना गोळी दुकानात सहज मिळत नाही. त्यात दारूगोळा ऑनलाइन मागवण्यावर राज्याचे वेगळे निर्बंध आले, म्हणजे ज्याला कायदा पाळायचा आहे त्यालाही माल मिळवायला खेटे घालावे लागतात.

उलट ॲरिझोना बघा. तिथे कॉन्डॉरच्या भागात बंदी नाही. २००५ पासून तिथल्या वन्यजीव खात्याने त्या भागातल्या परवानाधारकांना शिशाविना गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली, किंवा कोथळा उचलून आणा म्हणून आर्जवं केली. ८० ते ९० टक्के शिकारी साथ देतात. तरी उरलेल्यांचे कोथळे पुरेसे ठरतात, कारण कॉन्डॉर कळपाने जेवतो. एका विषारी कोथळ्यावर दहा पक्षी बसतात.

माझं मत: बंदी हवीच, आणि तिच्याबरोबर माल स्वस्त करून दारात पोचवायला हवा. दोन्ही एकदम.

अनुराधा७४
मग देशभर बंदी का नाही?

तांबट
जानेवारी २०१७ मध्ये, ओबामांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, केंद्राच्या वन्यजीव विभागाने आपल्या जमिनींवर शिशाच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद करायचा आदेश काढला. मार्चच्या सुरुवातीला अंतर्गत खात्याच्या (सरकारी जमिनी आणि वन्यजीव सांभाळणारं खातं) नव्या सचिवांनी कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी तो रद्द केला. बंदुकीचा प्रश्न तिथे अस्मितेचा आहे, शिशावर बोललं की बंदूक काढून घेतायत असं ऐकलं जातं.

म्हणूनच शिकाऱ्यांना खलनायक करणं मला पटत नाही. १९३७ पासून बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या करातून राज्यांच्या वन्यजीव खात्यांना पैसा जातो. तिथलं कितीतरी रान त्या पैशावर टिकलंय. शिकाऱ्याचं ऐकणारा शिकारीच असतो. मिनेसोटाकरांसारखे चार जण छावणीत बोलले तर आमच्या शंभर पत्रकांपेक्षा जास्त उपयोग.

होक्काइदोवासी
मी कामानिमित्त जपानच्या उत्तरेला असतो. इथे हिवाळ्यात रशियाकडून स्टेलरचे समुद्री गरुड येतात, पिवळीधमक चोच, अंगाने जगातल्या सर्वांत वजनदार गरुडांपैकी. ते मासे खातात, पण १९९० च्या दशकात इथे हरणांची शिकार वाढली आणि टाकलेल्या हरणांवर गरुड जेवायला लागले. पाठोपाठ शिशाने मेलेले गरुड सापडू लागले. होक्काइदोने २००० मध्ये हरणासाठी शिशाच्या रायफल गोळ्या बंद केल्या, २००४ मध्ये सगळ्याच मोठ्या जनावरांसाठी. तरी बाहेरून येणारे शिकारी शिसं घेऊन यायचे, म्हणून २०१४ मध्ये शिकारीला जाताना अशी गोळी जवळ बाळगण्यावरच बंदी आणली. कुशिरोच्या दवाखान्यात अजूनही बाधलेले गरुड येतात, म्हणून आता २०३० पर्यंत हे शून्यावर आणायचं असं जपान सरकारने ठरवलंय.

मिनेसोटाकर
बाळगण्यावर बंदी ही कल्पना चांगली. मेलेल्या हरणात कुठली गोळी होती ते शोधत बसण्यापेक्षा खिशातली बघणं सोपं.

आणि माणसांचंही लिहायला हवं. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याचे क्ष-किरण फोटो काढले. शिशाचे कण निघाले. राज्याने अन्नछत्रांना ते मांस टाकून द्यायला सांगितलं. पुढे रक्त तपासलं तर शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं जास्त होतं. माझी मुलं लहान आहेत. तांबं वापरायला मला गरुडाआधी हे कारण पुरलं, खरं सांगतो.

सह्यवेडा
युरोपात काय आहे?

तांबट
डेन्मार्क सगळ्यांच्या पुढे. शिशाचे छर्रे १९९६ पासून पूर्ण बंद आणि २०२४ पासून शिशाच्या गोळ्याही. शिकार तिथे बंद पडली नाही. युरोपीय संघात पाणथळींवर आणि आसपास शिशाचे छर्रे फेब्रुवारी २०२३ पासून बंद.

ब्रिटनची गोष्ट बोलकी आहे. २०२० मध्ये तिथल्या शिकारी संघटनांनी पाच वर्षांत स्वखुशीने शिसं सोडू म्हणून जाहीर केलं. पहिल्या हंगामात संशोधकांनी बाजारातले फेजंट (शिकारीचे कोंबडीसारखे पक्षी) विकत घेऊन त्यांच्या अंगातले छर्रे तपासले: १८० पैकी १७९ पक्ष्यांत शिसं. पुढेही फार फरक पडला नाही. शेवटी जुलै २०२५ मध्ये सरकारने कायद्यानेच बंदी आणायचं जाहीर केलं.

पागेर_आचरा
आमच्याकडे पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) कडेला शिशाच्या गुळ्या ओवतात. गरीला पण शिसं लावतात. त्याचं काही होतं का हो? खाडीत गुळ्या तुटून पडतातच.

तांबट
पाग उचलून घरी येतो, तो मोठा धोका नाही. तुटून पडणारी छोटी वजनं धोक्याची. थेम्स नदीवर गळ टाकणाऱ्यांची बारीक वजनं हंस खड्यांबरोबर गिळायचे आणि माना मोडल्यासारख्या पाठीवर टाकून मरायचे. १९८७ मध्ये ब्रिटनने अशा छोट्या वजनांची विक्री बंद केली आणि हंस सावरले. तुम्ही गरीला लोखंडाचं किंवा दगडाचं वजन लावून बघू शकता. आणि शिसं वितळवून घरी गुळ्या ओतत असाल, तर मुलांपासून लांब, उघड्यावर करा. धूर वाईट.

पागेर_आचरा
घरीच ओततो आम्ही, चुलीवर. मागीलदारी नेतो आता.

विवेक_ठाणे
निशिगंधा, तुमचा मुद्दा पटला. पुढच्या मार्चमध्ये सॅन होजेला भावाकडे जाणार आहे. पिनॅकल्सला कॉन्डॉर दिसेल का, आणि ओळखायचा कसा?

तांबट
नक्की प्रयत्न करा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी हाय पीक्सच्या वाटेवर. चढ आहे, पाणी भरपूर घ्या. चढायचं नसेल तर पूर्वेच्या तळाजवळ तंबूंच्या जागेमागच्या कड्यावर दुर्बिणीने बघा.

फसवतं ते टर्की गिधाड, ते तिथे भरपूर आहे. ते पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून डुलत जातं. कॉन्डॉरचे पंख सपाट असतात आणि तो डुलत नाही. पूर्ण वाढलेल्याच्या पंखांखाली पुढच्या बाजूला पांढरा त्रिकोण असतो, टर्की गिधाडाला मागच्या बाजूला राखाडी. पंखावर आकड्याचा बिल्ला दिसला तर आकडा, रंग, वेळ लिहून घ्या आणि माहिती केंद्रात सांगा. ते लोक प्रत्येक पक्ष्याची नोंद ठेवतात, आणि बरेच दिवस न दिसलेला एखादा आकडा असेल तर त्यांना तो हवाच असतो.